एकाच सुईचं गोंदण

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

कडूबाचा दंडवत घे. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तू, साहेबराव आणि सूनबाई खुशाल असाल. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. चष्मा पुसून, ओट्यावर उन्हाला बसून, एकेक ओळ सावकाश वाच. साक्षरतेच्या वर्गात तू म्हातारपणी अक्षरं गिरवलीस ती आज माझ्या कामाला आली. साहेबरावाला वाचायला देऊ नकोस. पाकीट बन्सीच्या हाती देतोय. तुमच्या गल्लीतले पेरू इथं विकून तो सांजेला मोटारसायकलवर रिकाम्या टोपल्या घेऊन माघारी येतो, म्हणजे टपालापेक्षा लवकर पोचेल. डिंकानं पक्कं चिकटवलंय. बन्सी माणूस भला, पण त्याच्या पोटात गोष्ट पडेगावापर्यंतसुद्धा टिकत नाही.

तू म्हणशील, परवा तर येऊन गेला, पोटभर पेरू खाल्ले, आता हे पत्र कसलं. अक्का, परवा मी पेरू खायला आलो नव्हतो. तुला काही सांगायला आलो होतो. सुरुवातही केली. पण तुला ऐकू यावं म्हणून आवाज चढवला, तर समोरच्या पारूबाईच गच्चीवरून उत्तरं द्यायला लागल्या. मी तुला विचारलं, पायाला सूज कधीपासून आहे? तू नुसती हसलीस आणि आणखी एक पेरू कापलास. पारूबाई वरून म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासून हाय भाऊ, पण ऐकती का कुणाचं. तसंच शेतात जाती." जी गोष्ट बहिणीच्या कानात सांगायची, ती सगळ्या गल्लीला कशी ओरडून सांगू? फोनवरही तेच होणार. म्हणून तोंड मिटून माघारी आलो आणि लिहायला बसलो.

सूज मला कशी कळली म्हणशील. निघताना वाकून पाया पडलो ना, तेव्हा माझ्या बोटांचे खड्डे तुझ्या पायावर तसेच राहिले. मी चपला घालून होईस्तोवर ते भरले नव्हते.

आधी माझं सांगतो. माझं सांगणं सोपं आहे.

उन्हाळ्यापासून अंगात ताकद नव्हती. डाव्या बरगडीखाली जड लागायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. सुदर्शननं बापाला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, कमरेच्या हाडातला मगज काढून झाला. रक्ताचा कॅन्सर निघाला. घाबरू नकोस. सावकाश चालणारा आहे, म्हाताऱ्या बैलाच्या पावलानं. पाणथरीत, डॉक्टर प्लीहा म्हणतात तिच्यात, जाऊन बसलाय, म्हणून ती फुगलीय. रक्ताच्या डॉक्टर अमृता मॅडम आहेत, वयानं नातीएवढ्या वाटतात. मी म्हटलं, बाई, इंजेक्शन कधी सुरू करता? तर त्या म्हणाल्या, "आजोबा, आधी आम्ही लिव्हर तपासतो. तुमच्या अंगात एक व्हायरस सापडलाय, हेपटायटिस सी. कॅन्सरचं औषध आज दिलं तर शरीराची राखण ढिली पडेल आणि हा मोकाट सुटेल. आधी ह्याला घालवू. तुमच्या कॅन्सरला घाई नाही."

तर कालपासून रोज एक गोळी, तीन महिने. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मॅडम असंही म्हणाल्या, की काही जणांत हा व्हायरस गेला की पाणथरीतला कॅन्सरही आपसूक ओसरतो, कारण ह्यानंच त्याला वर्षानुवर्षं चिथावलेलं असतं. होईलच असं नाही. नाही झालं तर इंजेक्शन आहेच. म्हणजे सध्या कॅन्सर ओसरीवर बसलाय आणि आम्ही त्याला हात न लावता दुसऱ्याच पाहुण्याच्या मागं लागलोय.

वाट बघणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. गच्चीवर जातो, खाली येतो. गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि काय आणायला निघालो तेच विसरतो. आजारावर कविता करून बघितली, पण पाणथरीला यमक सापडतं ते भाकरी नाहीतर चाकरी, त्यातनं काही निघत नाही. वाळूजला कंपनीत होतो तेव्हा सकाळपाळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून शाळेतल्या कविता मनात म्हणायचो. पोरं म्हणायची, कडूबामामा जप करतोय, गप बसा. आता त्याच म्हणतो तर मधलीच ओळ निसटते.

तेव्हा निसटली की तू होतीस. गुरुजी आम्हाला उभं करून चालीवर म्हणायला लावायचे, आणि तू शेणाची पाटी डोक्यावर घेऊन खिडकीबाहेर. मी अडकलो की खिडकीतून तुझा आवाज. गुरुजी म्हणायचे, "कडूबा, पास तुला करू का तुझ्या बहिणीला?" तुला शाळेत घातलं नाही आणि पुस्तक सगळं तुझ्याच पाठ. वाटेनं येताना मी अर्धी ओळ म्हणायचो, तू पुरी करायचीस. पुरी झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा आपला नेम. ओढ्यात उभे राहून एकदा केवढे भिजलो होतो, तुला ओळ आठवेना म्हणून. आई काठी घेऊन शोधत आली होती.

काय सांगत होतो. हां. श्रेयाच्या शाळेत आज बालदिन. पाठांतराला कविता हवी म्हणाली, मी आपल्या पुस्तकातली म्हणून दाखवली. म्हणाली, आजोबा, ही फार लांब आहे, आमच्या मॅडमना एवढा वेळ नसतो.

अक्का, तुझ्या हातावरचं गोंदण अजून तसंच हिरवं आहे का? परवा हात पदराखाली होता, दिसलं नाही. थकवा येतो का तुला? पोट जड लागतं का? डोळे पिवळट दिसतात का, सूनबाईला बघायला सांग. मी सहज विचारतोय. उत्तर लिहून बन्सीजवळ दे.

तुझा
कडूबा


औरंगपुरा
९ डिसेंबर २०२४

अक्का,

दंडवत. पेरूच्या पाल्याखाली ठेवलेली तुझी चिठ्ठी मागंच पोचली होती, कागदाला अजून वास आहे. चारच ओळी, पण खणखणीत. "गोंदण हाय तिथंच हाय. म्हातारपणी पाय सुजतातच. जरा थकवा येतो, त्याला काढा हाय, मी घेते, तू पण पी. कोडी घालू नको." आणि सोबत बाटली.

त्यानंतर दर आठवड्याला बाटली येत गेली. गुळवेल, भुईआवळा, आणि आई घालायची ते सगळं तू घालतेस, मला पहिल्या घोटालाच कळलं. रोज सकाळी पेलाभर घेत होतो. कडू जहर, पण त्यात मला आपल्या चुलीचा धूर लागायचा, डोळे मिटले की आई फुंकणी घेऊन बसलेली दिसायची. घरात कुणाला सांगितलं नाही. बाटली कपाटात, कवितांच्या पुस्तकांमागं.

गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. व्हायरस झपाट्यानं उतरत होता, पण लिव्हरचे आकडे खाली यायचे ते वर गेलेले. अमृता मॅडम कागद उलटसुलट करून बघत होत्या. मला विचारलं, गोळीखेरीज काय घेता? मी म्हटलं, काही नाही. सुदर्शन माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या नाकाला वास कधीचा कळला होता. मग सांगावं लागलं. मॅडम म्हणाल्या, गुळवेल काही जणांच्या लिव्हरला सोसत नाही, उलट सूज आणते. आणि ज्याच्या अंगात हा व्हायरस आहे त्यानं तर कुठलाच काढा विचारल्याशिवाय घेऊ नये. मी म्हटलं, "बाई, बहिणीनं पाठवलाय."

"मग बहिणीला माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या, "आणि काढा मोरीत ओता."

नमस्कार सांगितला. काढा मात्र मोरीत ओतवेना. गच्चीवर मोगऱ्याची कुंडी आहे, तिच्यात ओतला. त्या दिवसापासून रोज जाऊन बघतोय मोगऱ्याला काय होतं ते. अजून तरी बरा आहे.

रागावू नकोस. तुझा हात झिडकारल्यासारखं वाटलं मला. पण मॅडमसमोर बसल्या बसल्या दुसरीच गोष्ट आठवली. तू काढा एकाच पातेल्यात करतेस. अर्धा मला, अर्धा तुला.

तो बंद कर, अक्का. आजपासून. उरला असेल तर तोही ओतून दे.

इकडची खबर म्हणजे तनुजा. सून गुणी आहे, पण आजाराचं नाव ऐकल्यापासून तिनं माझा कप वेगळा केला होता. खिडकीत एकटा ठेवायची. पोरीची आई आहे, भिणारच. मॅडमनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, कुणाला काही नाही. मग तनुजाला समोर बसवून सांगितलं, एका ताटात जेवल्यानं, जवळ घेतल्यानं हा जात नाही. रक्तातून रक्तात जातो. दाढीचं पातं, नखं काढायचं तेवढं वेगळं ठेवा. दुसऱ्या दिवशी माझा कप सगळ्यांच्या कपांत. श्रेया तेवढी म्हणाली, आजोबांचा कप गावाहून आला.

घरचं झाल्यावर मॅडमनी मला विचारलं, घराबाहेरचं आणखी कुणी आहे का, ज्यांना तपासायला हवं? मी म्हटलं, नाही, कुणी नाही.

ते "नाही" मला तेव्हापासून चावतंय. बसू देत नाही. काल औरंगपुऱ्यात बन्सीच्या टोपल्यांपाशी उभा राहिलो तर म्हणाला, "मामा, पेरू घेता का नुसती राखण करता?" अर्धा पेरू तसाच हातात धरून घरी आलो.

पायाची सूज कशी आहे? चढलीय की उतरलीय, एवढंच लिही.

तनुजा जेवायला हाक मारतेय. उठतो.

कडूबा


औरंगपुरा
२० डिसेंबर २०२४

अक्का,

तुझी चिठ्ठी आली. "तुला सोसत नाय म्हणून मी का सोडू? कारण सांग. कारण नसंल तर कागद पाठवू नको." सुजेचं तू काहीच लिहिलं नाहीस. बन्सीला विचारलं तर तो म्हणाला, मावशीला आता चपला होत नायत, अनवाणीच फिरती.

कारण सांगतो. सकाळपासून कागद फाडतोय, हा फाडणार नाही.

तुझं लग्न ठरलं होतं तो उन्हाळा आठव. गोंदणारीण आली आणि लिंबाखाली बसली. करवंटीत काजळी कालवलेली, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, मांडीवर एक फडकं. गल्लीतल्या पोरी रांगेनं बसलेल्या. तू चौदा वर्षांची, विहिरीत काठावरून सूर मारणारी, बैल अंगावर आला तरी न हलणारी. आणि सुया बघितल्याबरोबर आईच्या मागं लपलीस. आई म्हणाली, सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं, बिनगोंदणाची पोर सासरी कशी धाडू? तू हलेनास. रडायला लागलीस. तू रडतेस हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

तेव्हा मी पुढं झालो. म्हटलं, "आधी माझ्या हातावर काढा. अक्का, बघ, काय होत नाय." बायका हसल्या, पोराला कशाला गोंदण. पण तिनं माझा हात ओढला आणि अंगठ्याच्या मुळाशी पाच ठिपके काढले. लई दुखलं. दुखतंय हे तुला कळू नये म्हणून मी कविता धरली, अर्धी ओळ म्हटली आणि आवाज फुटला. उरलेली अर्धी तू म्हटलीस. म्हणत म्हणत पुढं आलीस आणि हात दिलास.

तिनं माझं रक्त फडक्याला पुसलं आणि त्याच सुया तुझ्या हातावर टेकवल्या.

तुझी तुळस किती सुबक उठली होती, दोन्ही बाजूंना दोन पावलं. मी माझे ठिपके आणि तू तुझी तुळस घेऊन सांजेपर्यंत गावभर मिरवलो.

मॅडमनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, हा व्हायरस कुठून आला असेल, काही आठवतं का? जुन्या काळची काचेच्या पिचकारीची इंजेक्शनं, रक्त चढवणं, न्हाव्याचा वस्तरा, एका सुईनं अनेकांना काढलेलं गोंदण. मी हात टेबलाखाली नेला. नक्की कशानं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं त्याच म्हणाल्या. इंजेक्शनं मी गावात कितीतरी घेतलीत. आणि कुणाचा दोष नाही, हेही म्हणाल्या. त्या गोंदणारणीला तरी काय ठाऊक होतं, ती बिचारी पोरींना नटवत होती. पण हा व्हायरस माणसाच्या अंगात मुका राहतो. पन्नास वर्षं, साठ वर्षं. दुखत नाही, खुपत नाही. आतल्या आत लिव्हर कुरतडत राहतो. मग थकवा येतो. मग पाय सुजतात.

हे मी तुला ओट्यावर सांगू शकलो नाही. पारूबाईंचं निमित्त झालं; त्या नसत्या तरी सांगितलं नसतं. तुझ्या अंगावर आईचं म्हणून तेवढंच उरलंय. त्याच्यावर बोट ठेवायचं माझ्या जिवावर आलं. आणि दुसरं म्हणजे, सुया आधी माझ्या हातात शिरल्या आणि मग तुझ्या. पुढचं मला लिहिता येत नाही. तू समज.

तुला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. नसेलही. सूज हृदयाची असेल, नुसत्या अशक्तपणाची असेल, मग त्याचं औषध करतील. पण असला, तर ह्यावर गोळ्या आहेत, अक्का. तुझ्यामाझ्या वयाच्या माणसांनाही लागू पडतात. उशीर तेवढा नको. आणि तोवर काढ्याचा एक थेंब पोटात नको.

माझं म्हणशील तर काढा सोडल्यावर आकडे उतरले. मॅडमनी पोट दाबून बघितलं, म्हणाल्या, पाणथरी आणखी वाढलेली नाही, हेही चांगलंच. कमी होईल का, कॅन्सर आपला आपण जाईल का इंजेक्शन लागेल, ते कळायला अजून बरेच महिने आहेत. त्याचं मला आता काही वाटत नाही. ती वाट मी बघीन, बसलो आहे. तुझ्या पायांची वाट बघवत नाही.

काल परत गेलो होतो दवाखान्यात, बोलावलं नसताना. मॅडमना म्हटलं, मागं खोटं बोललो, माझ्या बहिणीलाही तपासायला हवं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काढेवाल्या?" मी व्हय म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आणा की त्यांना. मला भेटायचंच होतं."

येत्या मंगळवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येतो. ओट्यावर ओरडून काही विचारणार नाही, पारूबाईंची तेवढी निराशा होईल. साहेबरावाला सांग, मामासोबत शहरात जाऊन येते. खरं काय ते मी त्याला वाटेत फोनवर सांगेन. अनवाणी निघू नकोस, तनुजानं मोठ्या मापाच्या मऊ चपला आणून ठेवल्यात, त्या घेऊन येतो.

माझंही रक्त त्याच दिवशी द्यायचंय. सुई बघितली की तू मागं सरणार, मला ठाऊक आहे. मी शेजारच्या खुर्चीवर बसेन आणि आधी माझा हात पुढं करीन, तू बघ. मात्र या खेपेला माझी सुई माझी आणि तुझी तुला निराळी. पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडतात आणि काम झालं की सुई टाकून देतात. मी विचारून घेतलंय, डबाही बघून आलोय.

मग मी अर्धी ओळ म्हणीन. तुला ऐकू यावी म्हणून मोठ्यानं म्हणावी लागेल, दवाखाना बघेल, बघू दे. उरलेली तू म्हण आणि हात दे. ओळ पुरी झाल्याशिवाय आपण दोघंही तिथून हलायचं नाही.

तुझ्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवतो,
त्याच सुईचा
कडूबा